चढाकडे पाठ करून

मी एक जुना गिअरबॉक्स आहे, मित्रांनो, गिअर आपले आपण बदलणारा. सध्या भंडारदऱ्याजवळच्या अकोले गावातल्या एका गॅरेजमध्ये पोट उघडून पडलो आहे. आतलं तेल डांबरासारखं काळं झालंय.

माझं काम आधी ऐका, म्हणजे पुढचं कळेल. गाडीचा वेग किती, चालवणाऱ्याने पाय किती दाबलाय, हे माझा छोटा संगणक सारखा बघत असतो. मग तो विजेच्या झडपांना हुकूम सोडतो. झडप उघडली की तेल जोराने शिरतं, क्लचच्या चकत्या घट्ट दाबतं आणि गिअर पडतो. पायाने क्लच दाबायचं कामच नाही. एवढा हुशार मी, पण सगळा जीव त्या तेलात. आणि तेलाचा पंप चालतो इंजिनवर. इंजिन बंद, की तेल बंद.

दाऊदभाईंनी वीस वर्षं भंडारदऱ्याच्या रस्त्यावर जीप चालवली. मग डावा गुडघा कायमचा ताठला आणि जीप सुटली. वर्षभर ते ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या जीपा बघत राहिले. शेवटी माझी जुनी गाडी घरात आली. पहिल्या दिवशी बायकोला, बिबीजानला, शेजारी बसवून ते धरणापर्यंत गेले. "डाव्या पायाला कामच न्हाई गं," असं म्हणून पोटभर हसले. तेव्हापासून माझा त्यांच्यावर फार जीव.

पण जीपवाल्यांची एक खोड असते. उतार लागला की न्यूट्रल करायचं आणि चावी फिरवून इंजिन बंद करायचं, तेवढंच पेट्रोल वाचतं. चाकं मला गरगर फिरवायची आणि आत तेलाचा थेंब यायचा नाही. मी घासत होतो, जळत होतो. मला कुठलं तोंड? धक्के देऊन पाहिले, समोरचा पिवळा दिवा पेटवला. दाऊदभाईंनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

परवा दुपारी भाताच्या खाचरात बिबीजानच्या पायाला नाग चावला. लेक अरफा आईला धरून मागच्या सीटवर बसली. पेट्रोलचा काटा तळाला गेला होता. मोठा उतार आला आणि दाऊदभाईंचा हात चावीकडे गेला.

"अब्बा, आज तरी बंद नका करू," अरफा म्हणाली.

"दवाखान्यापतुर पुरलं पायजे गं," म्हणत त्यांनी चावी फिरवली.

नका हो दाऊदभाई, नका. पण ऐकणार कोण? उतार संपेपर्यंत माझ्या पुढे नेणाऱ्या उरल्यासुरल्या चकत्या जळाल्या. खाली ओढ्याच्या पुलापाशी त्यांनी इंजिन चालू करून दांडा पुढे जायच्या ‘डी’वर टाकला. इंजिन नुसतं ओरडलं, गाडी हलली नाही. पुढे दोन किलोमीटर चढ. रस्त्यावर चिटपाखरू नाही, मोबाईलला रेंज नाही.

"अम्मीच्या पापन्या खाली येत्यात, अब्बा."

दाऊदभाईंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "मीच घात केला," एवढंच म्हणाले. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी दांडा ‘आर’वर नेला. मागे जायचा क्लच माझ्यात वेगळा असतो, आणि तो अजून तग धरून होता. गाडी मागे सरकली.

पुलापाशी रस्ता रुंद होता. ‘आर’वर मागे घेत, उताराने पुढे सोडत त्यांनी गाडी वळवली आणि चढाकडे पाठ करून उलटी वर घ्यायला लागले. मान मागे वळवलेली, त्यामुळे अख्खा चढ बिबीजानचा चेहरा त्यांच्यासमोर होता.

"माझ्याकडं बघ. आलंच आता. बघतीस ना?"

तिला पापण्या उचलवत नव्हत्या. तिने बोटाने एक पापणी वर धरली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मी आतून सुटत चाललो होतो, तरी धरून ठेवलं.

माथ्यावर पोचलो आणि तोही क्लच गेला. तिथून दुधाच्या टेम्पोने तिला दवाखान्यात नेलं. ती वाचली.

काल दाऊदभाई गॅरेजमध्ये आले. माझी जळकी चकती हातात घेऊन बराच वेळ बसले. "हा दुरुस्त हुईल का, सांगता येत न्हाई," मिस्त्री म्हणाला. गाडीत जाऊन दाऊदभाईंनी दिव्यावरची काळी पट्टी नखाने खरवडून काढली.

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही, आम्ही फक्त दिवा लावतो. तो झाकू नका. आणि त्या मिस्त्रीला कुणीतरी सांगा, मला भंगारात घालू नकोस. दाऊदभाईंचा डावा पाय अजून ताठच आहे.