मॅटॅडोरची खांदशेकणी

माझ्या गाडीत काहीही बिघाड नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे ग्रीस, बॅटरी, छपराची गळती असलं बरंच येईल आणि वाचणाऱ्याला वाटेल की गाडी फारच खिळखिळी होती. जुनी आहेच ती. पण निघायचं असतं तर केव्हाच निघता आलं असतं.

गाडी म्हणजे मॅटॅडोर. एका संस्थेचा फिरता दवाखाना बंद पडला तेव्हा मी ती घेतली. वाचनालयातली नोकरी संपली होती, पत्नीला जाऊन काही वर्षं झाली होती, आणि आयुष्यभर प्रवासवर्णनांची पुस्तकं लोकांच्या हाती देण्यापलीकडे आपण कुठे गेलो नाही, असं एकाएकी वाटलं. पेशंट झोपवायचा बाक आत होताच. त्यावर गादी आली. औषधांच्या कपाटाचा ओटा झाला, शेगडी आणि पाण्याची टाकी बसली, डोक्याशी पुस्तकांची फळी. बाहेरच्या बाजूचा लाल क्रॉस दोनदा रंग देऊनही पुसट दिसतोच, आणि फिनेलचा वास अजून जात नाही. गल्लीतली पोरं अजूनही तिला डॉक्टरची गाडी म्हणतात.

वच्छलाबाई शेजारच्या. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे त्यांचं घर. माहेर वलगावचं, शेतकऱ्याचं. नोकरी मोर्शीकडच्या शाळांमध्ये गेली. मिस्टर गेल्यावर अमरावतीच्या घरात एकट्याच राहत होत्या. माझ्याकडून पुस्तकं न्यायच्या आणि परत करताना भिंतीवरूनच आपलं मत सांगायच्या. आमच्याकडे ओळखीच्या कोणाही माणसाला भाऊ म्हणायची पद्धत आहे. दूधवाला भाऊ, वकील भाऊ, कलेक्टर भेटला तरी भाऊ. वच्छलाबाई मला कधी भाऊ म्हणाल्या नाहीत. सर म्हणत. यात काही अर्थ असेल का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बहुधा नसावा. शाळेत काम केलेल्या बाईच्या तोंडी सर बसलेलंच असतं.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, मी गाडीच्या खिडकीला पडदा लावत असताना, त्या भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, "गाडी झाली की मले एकडाव चिखलदरा दाखवा, सर. इतक्या जवळ राहून पाहिला नाही म्हटलं तं लोक हासतात."

आठवीत असताना शाळेची सहल गेली होती, पण घरी निंदणाचे दिवस होते आणि वडिलांनी पाठवलं नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या शाळेच्या सहली काढल्या, पण दर वेळी कोणीतरी दुसरी बाई मुलांबरोबर गेली. एवढं त्यांनी हसत सांगितलं.

मी म्हणालो, आधी गाडीचं जरा काम करून घेतो.

या वाक्यावर मी दोन वर्षं काढली. त्या आणि मी, दोघंच, दिवसभर एका गाडीत. गल्ली काय म्हणेल, ही एक भीती. पण त्याहून मोठी भीती अशी की परतवाड्यापर्यंत बोलणं संपून जाईल, आणि घाटात मी गप्प बसलेला असेन, आणि त्यांना कळेल की या माणसाजवळ पुस्तकांखेरीज काही नाही. शिवाय त्या सहज बोलल्या असतील. माणसं सहज बोलतात. ते धरून बसणारा मीच.

म्हणून मी गाडी नीट ठेवत राहिलो. रोज सकाळी इंजिन थोडा वेळ सुरू ठेवायचं म्हणजे बॅटरी उतरत नाही. एका जागी उभी राहून टायर चपटे होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा बडनेऱ्यापर्यंत नेऊन आणायची. छपराच्या शिवणीतून पाणी झिरपलं तर आतला प्लायवूड फुगतो, त्यासाठी पावसाळ्याआधी वर चढून भेगा भरायच्या. गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायचं. खिडक्यांच्या रबराला शंखजिऱ्याची पावडर चोळायची. एकीकडे काम संपत आलं की दुसरीकडे मी काहीतरी शोधून काढत असे. बडनेरा रोडवरचा गोपाल मेकॅनिक सुरुवातीला कौतुक करायचा, मग वैतागला. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना पुन्हा ग्रीस भरायला सांगितलं तेव्हा म्हणाला, "सर, नवरीले बी इतकं सजवत नाही. अन् तिले तं लगेच वाटे लावतात."

मी हसलो. परत येताना रस्ताभर कान तापलेले होते.

यंदा श्रावणात वच्छलाबाईंचा मुलगा चंदन अकोल्याहून आला. त्याने तिथे नवीन फ्लॅट घेतला आहे. सून करिश्मा नोकरी करते, नातू लहान आहे, आणि आईने एकटं राहायचं तरी काहून, असं त्याचं म्हणणं. पोळा झाला की सामान न्यायचं आणि इथलं घर भाड्याने द्यायचं, हे ठरलं. वच्छलाबाईंनी मला ते भिंतीवरूनच सांगितलं, हातातलं पुस्तक परत करता करता. मी म्हणालो, चांगलं झालं, नातवाजवळ राहाल. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुस्तकाविषयी बोलू लागल्या. ते त्यांना आवडलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्या जाण्याआधी त्यांना चिखलदऱ्याला नेणं. जमलंच तर वाटेत कुठेतरी म्हणणं, जाऊ नका. दुसरं मला जमणार नाही हे ठाऊक होतं. पण पहिलं जमल्याशिवाय दुसऱ्याचा प्रश्नच नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, वच्छलाबाई फाटकातून आत आल्या. भिंतीवरून नाही, फाटकातून. हातात वाटी होती, तुपात कालवलेली हळद, आणि पळसाची पानं. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी करतात. जुवाने घासलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळून शेकतात आणि बैलाच्या कानाशी उद्याचं जेवण सांगतात. दर वर्षी त्या त्यासाठी वलगावला जायच्या. यंदा भावाने शेवटची जोडी विकली होती. दारात ट्रॅक्टर होता.

"त्या ट्रॅक्टरले खांदाच नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीले हाय का पाहू."

त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं. वाकून पाहिलं, आणि बॅटरीच्या दोन बाजूंना, जिथून वायरी पुढे जातात आणि रबरी नळ्या वळतात, तिथे बोटाने दाखवून म्हणाल्या, हेच खांदे. मग अगदी हलक्या हाताने तिथे तूप चोळू लागल्या. वायरींवर, नळ्यांवर, पत्र्यावर. मला माहीत आहे की तुपाने रबर खराब होतं. तुपाच्या वासाने काय येतं हेही माहीत आहे. या विषयावर मी एक मॅन्युअल पूर्ण वाचलं आहे. पण त्यांच्या बोटांना हळद लागली होती, आणि वडील बैलांशी कसे बोलत ते त्या सांगत होत्या. मी बॉनेट धरून उभा राहिलो.

शेवटी पळसाचं पान पत्र्यावरून फिरवत त्या नेहमीचे शब्द म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." थोडं हसून, थोडं खरंच.

आणि मला अचानक धीर आला. मी म्हणालो, परवा करीच्या दिवशी चिखलदऱ्याला जाऊ. सकाळी निघू. शब्द बाहेर पडल्यावर मला माझाच आवाज अनोळखी वाटला.

"येईन ना," त्या म्हणाल्या. "मी डबा घेतो."

त्या गेल्यावर मी जुनं धोतर घेऊन बॉनेटपाशी आलो. वायरी पुसायला हव्या होत्या. पुसल्या नाहीत. पिवळी बोटं उमटली होती त्यांवर. मी बॉनेट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पोळा. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याच्याकडून काडीचं काम घेत नाहीत. गाडीची खांदशेकणी झाली होती, तर तिचाही तो विसाव्याचा दिवस, असं माझ्या मनाने घेतलं. रोजच्यासारखं इंजिन सुरू केलं नाही. बॉनेटही उघडलं नाही. वच्छलाबाईंकडून पुरणपोळी आली, तिचा तुकडा गाडीपुढे ठेवला. शिकलेल्या माणसाने असं करावं का, असं मनात आलं, आणि तरी ठेवला.

करीच्या सकाळी त्या आल्या. हिरवं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, डबा, पाण्याची बाटली. पुढे माझ्या शेजारी बसल्या आणि पर्स मांडीवर घेऊन समोर पाहू लागल्या, शाळेच्या सहलीतल्या मुलीसारख्या. मी चावी फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली.

बॉनेट उघडलं तेव्हा सगळं समोर होतं. उंदरांनी तूप चाटून पुसून खाल्लं होतं आणि तुपाबरोबर वायरीही. तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या, एक नळी कुरतडून चाळणी झाली होती. गोपालला फोन लावला, तर तो गावी. सगळी दुकानं पोळ्याची बंद.

वच्छलाबाई आधी हसल्या. मग माझ्याच हातानं झालं म्हणाल्या. मी म्हणालो, तुमचा काही दोष नाही, मी ते त्याच दिवशी पुसायला हवं होतं.

"मंग काहून नाही पुसलं?"

एवढा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "राहून गेलं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, डबा तर खाऊ. आम्ही मागे बाकावर बसलो, अंगणातच. त्यांनी शेगडीवर चहा केला. शेगडी छान चालली, नळीतून गॅस अजिबात गळत नव्हता. बाहेर पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढत चालली होती. खिडकीतून ती दिसत होती आणि गाडी उभीच होती, तरी मधूनच वाटत होतं आपण कुठेतरी निघालो आहोत.

कप विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या, "दोन वर्षं तुमी गाडी नीट करून राहिले, सर. मी भिंतीवरून पायतच होती. मले वाटे, आज म्हणतीन, उद्या म्हणतीन."

मी काय बोलावं याचा विचार करत राहिलो. विचार होईपर्यंत त्यांनी पुसलेले कप फळीवर लावले होते आणि त्या उतरत होत्या.

चार दिवसांनी चंदन टेम्पो घेऊन आला. मी खोकी उचलू लागलो, तर तो म्हणाला, काका, तुम्ही राहू द्या. वच्छलाबाईंनी माझी राहिलेली पुस्तकं परत दिली आणि अकोल्याला पुस्तकं कोण देईल म्हणाल्या. तेव्हाही मी काय सांगितलं असेल? अकोल्याच्या वाचनालयाची वेळ. सकाळी केव्हा उघडतं आणि कोणत्या वारी बंद असतं. त्यांनी ऐकून घेतलं. टेम्पो वळेपर्यंत मी हात वर केलेला होता, तो खाली घ्यायचं विसरलो.

नंतर गोपाल आला. नव्या वायरी टाकल्या, नळी बदलली, सगळं धुऊन काढलं. शेवटची टेप गुंडाळताना त्याने सवयीने विचारलं, आता आणखी काय पाहायचं? समोरचा उजवा टायर जरा झिजला होता. मलाही दिसत होता. मी म्हणालो, काही नाही. तो हत्यारं गोळा करत होता तेवढ्यात मी गाडी सुरू केली आणि फाटकाबाहेर काढली. त्याने मागून काहीतरी विचारलं. मी हात हलवला.

घराला कुलूप लावलं का, हे बडनेऱ्याला आठवेना. सबब म्हणून निदान एक पुस्तक घ्यायला हवं होतं, हे मूर्तिजापूरला लक्षात आलं. ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, मध्ये मी. बोरगाव मंजूपर्यंत मी पाच-सहा वाक्यं तयार केली आणि सगळी टाकून दिली. दोनदा वाटलं वळावं. फोन करून निघायला हवं होतं. त्या घरी नसतील. असतील तर सून दार उघडेल, आणि मी कोण हे तिला कोणत्या शब्दात सांगणार?

अकोल्यात पत्ता विचारत विचारत पोचलो. चंदनची इमारत नवीन आहे, फाटकाशी चौकीदाराची खोली. मी गाडी फाटकासमोरच उभी केली. ती पुन्हा सुरू होईल याची खात्री वाटेना, म्हणून इंजिन सुरूच ठेवून उतरलो. चौकीदाराने आधी पुसट लाल क्रॉस पाहिला आणि कोण आजारी आहे म्हणून विचारलं. मी वच्छलाबाईंचं नाव सांगितलं, तर तो घाबरला. तशी गाडी नाही, मी म्हणालो.

त्याने इंटरकॉम उचलला. "कोन आलं म्हणून सांगू?"

शेजारी म्हणणार होतो. पण आता मी त्यांचा शेजारी नव्हतो. नातेवाईक कधीच नव्हतो.

"चिखलदऱ्याला न्यायला आलो आहे म्हणून सांगा," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने ते जसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं. तो फोन कानाला लावून उभा राहिला. मी फाटकाचा गज धरला होता. माझ्यामागे मॅटॅडोर सगळ्या अंगाने थरथरत होती.

चौकीदाराने फोनवर हात ठेवला. "बाई विचारून राहिल्या, गाडी सुरू हाय का बंद केली?"

"सुरू आहे," मी म्हणालो.

त्याने सांगितलं. ऐकलं. फोन ठेवला.

"बंद नका करू म्हणतात."