कायमचं उघडं फाटक

मी फाटक बोलतोय. ब्रेझोवेत्स गावच्या रुळांवरचं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं. दोन ट्रकांच्या मधे जेवढी उसंत मिळते, तेवढ्यातच मला बोलता येतं, म्हणून लक्ष देऊन ऐका.

त्सोंकामावशी माझी राखणदार. रोज सकाळी धान्याची मालगाडी यायची. त्याआधी मावशी हँडल फिरवून मला खाली आणायची. पंचवीस डबे खडखडत डॅन्यूब नदीवरच्या बंदराकडे जायचे. तोवर लोक आपापल्या गाड्यांतून खाली उतरून एकमेकांची उणीदुणी काढत. जूनमध्ये बायका रस्त्याकडेच्या लिंडनच्या अकरा झाडांची फुलं खुडून घेत. ती वाळवायची आणि हिवाळ्यात खोकल्यावर त्यांचा चहा प्यायचा, ही इथली रीतच.

ट्रॅक्टरवाला मिंचो मात्र कुरकुरायचा. "मावशी, तुझी गाडी जाईस्तोवर माझ्या कॅनमधल्या दुधाचं दही लागेल."

"लागू दे. वाटीभर मला दे," मावशी म्हणायची.

एकदा ट्रकवाल्यांचा माणूस सांगून गेला, की माल रस्त्यानं नेऊ, फाटकाची कटकट जाईल. मिंचोनं मालगाडी बंद करा म्हणून घरोघर फिरून सह्या गोळा केल्या.

"अरे, एकटं इंजिन पन्नास ट्रकांचं ओझं ओढतंय," मावशी म्हणाली. "ते पन्नास ट्रक तुझ्या खिडकीखालून जातील. त्यांचा धूर कुठे ठेवशील?"

"तुझी नोकरी जातेय, म्हणून धुराची आठवण झाली होय?"

सगळे हसले. त्या दिवशी मला गावाची चीड आली, खोटं कशाला बोलू?

गाडी बंद झाली. मला वर उभं करून वेल्डिंगनं पक्कं केलं. आता ट्रकांच्या रोज जाऊन-येऊन शंभर फेऱ्या होतात. वाळत घातलेल्या चादरी काळवंडतात. मिंचोच्या बायकोला, देसाला, दम्यानं धरलंय. खिडक्या बंद करून ती आतच बसते.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि अकराही लिंडनवर तोडणीच्या लाल फुल्या पडल्या. तेवढी झाडं होती म्हणून धूळ थोडी तरी अडायची. मावशी नगरपालिकेत गेली. या वेळी मिंचोही बरोबर होता.

"आजी, ट्रक वाढलेत. त्यांना जागा नको का?" साहेब म्हणाले.

काल झाडं तोडली. मावशी जुनं हँडल घेऊन आली होती. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. मीही जिवाच्या आकांतानं वाकायला बघितलं, पण तसूभर हललो नाही. पलीकडे मिंचो देसाचं औषध घेऊन उभा होता. ट्रकांची रांग त्याला रस्ता ओलांडू देईना.

"मावशी, थांबव ना त्यांना जरा," तो ओरडला.

"कशानं थांबवू रे?" मावशी म्हणाली आणि माझ्या खांबाशी बसून रडली.

बाबांनो, तुमच्याकडे एखादं फाटक अजून खाली येत असेल, तर गाडी जाईपर्यंत थांबा. शिव्या द्या हवं तर, पण थांबा. आमच्या गावाचं जे व्हायचं ते होऊन गेलं. पुढच्या आठवड्यात मलाही कापणार आहेत, आणि ते तुकडे न्यायला ट्रकच येणार आहे.