काढायची घरं

मुलगी कॉलेजात काय शिकते, हा काही अवघड प्रश्न नाही. तरी तो कुणी विचारला की शिलाईकाकू पटकन दोन टाचण्या ओठांत धरायच्या. टाचण्या तोंडात असलेल्या बाईकडे कुणी उत्तर मागत नाही.

खरं म्हणजे त्यांनाच नीट ठाऊक नव्हतं. लेकीनं सांगितलं नव्हतं असं नाही, चार वेळा सांगितलं होतं. "भौगोलिक माहितीशास्त्र आणि संज्ञापन. दोन पदव्या, एकत्र." काकूंनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता, भूगोल आणि बडबड. भूगोलाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण बडबड शिकायला कॉलेज कशाला? शेजारच्या रेडिओमावशींनी ती घरबसल्या शिकवली असती.

"दोन पदव्या एकदम?" मावशींनी एकदा विचारलं होतं. "एकीवर भरवसा नाही की काय?"

त्या दिवशी काकू हसल्या होत्या. पण संशय कुसळासारखा असतो. कापडात शिरला की दिसत नाही, टोचत मात्र राहतो.

शेवटच्या वर्षाला लेकीचं वागणं बदललं. सकाळी गल्लीत मधोमध उभी राहून फोन आभाळाकडे धरायची, मग चार पावलं चालायची, पुन्हा धरायची. लोकांच्या दारांकडे बघून वहीत काहीतरी टिपायची आणि कुणी "काय गं?" म्हटलं की "कॉलेजचं काम" म्हणून पुढे सरकायची. घरी लॅपटॉप उघडून बसली की काकू चहा घेऊन येईपर्यंत त्याचं झाकण मिटलेलं असायचं. घरात माणसं दोनच. दोघींच्या घरात मिटलेलं झाकण फार मोठं दिसतं.

मग एका गुरुवारी शिलाईच्या मशीनवर लेकीची वही राहिली. काकू ती वाचणार नव्हत्या. मशीन पुसायचं म्हणून उचलली, आणि उचलली म्हणून उघडली गेली.

पानावर वरच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'काढायची घरं'.

खाली आकडे, एक ते त्रेचाळीस. गल्लीत घरं तेवढीच. एक नंबरपुढे 'मावशी, सगळ्यात आधी.' सतरापुढे 'आपलं.'

काकू स्टुलावर बसल्या. पाण्याच्या टाकीमागची ही गल्ली कुठल्याच सरकारी कागदावर धड नव्हती. एकाला लागून एक घरं उभी राहत गेली, त्यांना कुणी नंबर दिला नाही. 'एक दिवस येतील आणि सगळी घरं काढून टाकतील,' हे वाक्य इथली मुलं बाराखडीच्या आधी शिकतात. आणि आता त्या घरांची यादी करतेय कोण, तर पोटची पोर.

आता पुढचं जे झालं ते तुमच्या-माझ्या घरातही होतं, म्हणून नीट सांगते. लेक संध्याकाळी घरी येणार होती. चार तास थांबून "हे काय गं?" एवढं विचारता आलं असतं. काकूंनी ती आल्यावरही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचीच भीती होती. त्याऐवजी दुपारी रेडिओमावशींच्या बाहीला टाचण्या लावता लावता त्या सगळं बोलून गेल्या. शेवटी म्हणाल्या, "मावशी, कुणाला सांगू नका हं."

मावशींनी सगळ्यांना मुळीच सांगितलं नाही. एकेकालाच सांगितलं.

रविवारी सकाळी टाकीजवळच्या मोकळ्या जागेत गल्ली जमली. लेक तेव्हा वरच्या टोकाला पावलं मोजत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मावशींच्या हातात कॉलेजच्या प्रमुखांच्या नावे लिहिलेला अर्ज होता. 'सदर विद्यार्थिनी आमच्या घरांची यादी करून ती पाडण्यास मदत करत आहे. तिचा अभ्यास ताबडतोब थांबवावा.'

"पहिली सही आईची," मावशी म्हणाल्या. "आईचीच सही बघितली की कॉलेजला ऐकावं लागेल. आणि बाई, यादीत एक नंबरला मी आहे. माझा नवरा एका हातानं लुळा, त्याला घेऊन मी कुठं जाऊ?"

काकूंनी पेन घेतलं. अर्ज गेला तर लेकीचं वर्ष बुडणार, कदाचित शिक्षणच. नाही दिली सही, तर उद्यापासून या गल्लीत त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही. पेनाचं टोपण निघेना, की त्या काढत नव्हत्या, कोण जाणे.

"थांबा," टपालभाऊ म्हणाले. हे निवृत्त पोस्टमन. बत्तीस वर्षं याच भागात पत्रं वाटलेली. "सही करण्याआधी वाचावं, एवढं तरी मी नोकरीत शिकलो. ती वही कुठंय?"

लेकीची नजर चुकवून काकूंनी ती पिशवीत घालून आणली होती. टपालभाऊंनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागले.

"पाठ करताय का?" मावशी म्हणाल्या.

"एकोणतीस नंबर, वळणावरचं घर, ते कुणाचं?"

"ते पडकं. छप्पर बसलेलं. मांजरं राहतात त्यात."

"इथं लिहिलंय, 'एकोणतीस. पडलेलं, काढायचं नाही.'" टपालभाऊंनी वही खाली केली. "मावशी, घरं पाडायला निघालेला माणूस उभी घरं पाडेल आणि पडकं तेवढं जपून ठेवेल होय?"

मावशींनी वही ओढून घेतली आणि ती ओळ स्वतः वाचली. पुढे सांगण्याआधी मावशींनी काही वाचून बघणं गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं.

"काढायचं म्हणजे पाडायचं, हे ठरवलं कुणी?" टपालभाऊ म्हणाले. "पोरं पाटीवर घर काढतात, तेव्हा ती घर पाडतात का?"

काकूंच्या डोळ्यांपुढे एकदम चार वर्षांची लेक उभी राहिली. कापडावर खुणा करायचा खडू पळवून फरशीवर चौकोन काढणारी, त्यावर त्रिकोण ठेवणारी, आणि मान वर करून विचारणारी, "आई, तुझं घर काढू?"

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि पेन खाली ठेवलं.

लेकीला बोलावलं गेलं. तिनं अर्ज वाचला. मग ती आईकडे बघायला लागली, आणि काकूंना वाटलं, हिनं भांडावं, ओरडावं, पण असं बघू नये.

लेक मावशींकडे वळली. "गेल्या वर्षी काकांना झटका आला, तेव्हा अँब्युलन्स कुठं थांबली होती?"

"इथंच. टाकीपाशी."

"का?"

"ड्रायव्हरच्या फोनमध्ये रस्ता इथंच संपत होता. पुढं नुसतं हिरवं. जंगल असल्यासारखं." मावशींचा आवाज नेहमीचा नव्हता. "पस्तीस मिनिटं तो टाकीभोवतीच रस्ता शोधत होता. लवकर आणलं असतं तर हात वाचला असता, म्हणाले डॉक्टर."

"त्या हिरव्यावर मला आपली गल्ली काढायचीय, मावशी. नकाशावर. पहिलं तुमचं घर. म्हणून एक नंबर."

मग मावशी उसळल्या. डोळे पुसत उसळल्या. "मग इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसली होतीस का गं, भवाने?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळे नको म्हणाला असता. म्हटलं, पुरं करू, मग दाखवू."

"म्हणजे तुझाही आमच्यावर संशयच," टपालभाऊ म्हणाले. "फिट्टंफाट. पोरी, मी 'टाकीमागे, हिरवं दार' एवढ्या पत्त्यावर पत्रं पोचवलीत. पण दारात उभं राहून हाक मारल्याशिवाय एकही पत्र आत टाकलं नाही. दार उघडं दिसलं म्हणून कुणी आत शिरत नसतं. तुझी ती दुसरी पदवी कशातली?"

"संज्ञापन."

"म्हणजे?"

"लोकांशी... बोलणं," लेक पुटपुटली.

"ती कॉलेजातच ठेवून आलीस वाटतं."

सगळे हसले. लेकीलाही हसू आलं, पण मावशी हसल्या नाहीत. "आणि हा नकाशा उद्या पाडणाऱ्यांच्याच हातात पडला तर?"

लेकीनं अर्जाची घडी घातली. मग म्हणाली, "पडू शकतो, मावशी. खोटं सांगत नाही. नावं मी त्यात घालणार नाही, ते माझ्या हातात आहे. बाकी काय काय करता येतं ते कॉलेजात विचारून येते आणि इथंच उभी राहून सांगते. तोवर एकही घर नकाशावर जाणार नाही. आणि जो नको म्हणेल, त्याचं काढणार नाही."

मावशींचा प्रश्न चांगला होता. गेल्या तीन दिवसांत गल्लीनं पुष्कळ प्रश्न विचारले होते, पण ज्या माणसाला विचारायचे त्याला विचारलेला हा पहिलाच.

काकू पुढे आल्या. "मी इतकी वर्षं मापं घेतेय. 'हात वर करा, आता खांदा घेते,' असं सांगून मग टेप लावते. न सांगता अंगाला टेप लावली तर ते माप होत नाही, आगळीक होते. हे तुला मी शिकवायला हवं होतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण मी तरी काय केलं? तुझी वही वाचली. तुला विचारायचं सोडून मावशींना सांगितलं. चुकलं माझं."

"झाकण मीच मिटत होते, आई."

दोन आठवड्यांनी लेक कॉलेजातून उत्तरं घेऊन आली, टाकीपाशी उभी राहिली, आणि मग दारोदार फिरली. कागद वाया का घालवायचा म्हणून त्याच अर्जाच्या पाठीमागे संमतीच्या सह्या घेतल्या. दोन घरांनी नको म्हटलं. ती जागा तिनं कोरी ठेवली, आणि कुरकुरली नाही. मावशींनी सही करायला पाऊण तास घेतला. "दार हिरवं लिहू नकोस, आता निळं आहे. आणि दारापुढं दोन पायऱ्या आहेत, स्ट्रेचर तिथं अडकतं, त्याही काढ. काढ म्हणजे कागदावर हं. पाडशील!"

सतरा नंबरला लेक आपल्याच घराचं दार वाजवून बाहेर उभी राहिली. काकू मशीनवरून उठून आल्या. लेकीच्या हातात वही होती.

"आई, तुझं घर काढू?"

काकूंनी ओठांतल्या टाचण्या हातात घेतल्या. "काढ," त्या म्हणाल्या.

आता मुलगी काय शिकते असं कुणी विचारलं, की काकू टाचण्या उशीत खोचतात आणि सांगतात, "घर काढायला शिकते. आणि काढण्याआधी दारात उभं राहून विचारायला. दुसरं जास्त अवघड आहे. आम्ही दोघी मिळून शिकतोय."

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, एवढंच ध्यानात ठेवू या. संशय येणारच, तो माणसाला येतोच, कधीकधी यायलाही हवा. पण दुसऱ्याची वही उघडण्याआधी आपलं तोंड उघडावं. टाचण्या बाजूला ठेवून.