पावणेपाच किलोंचा केयूर

मी एक जुना वजनकाटा आहे, बाळं तोलणारा. धंतोलीतल्या एका दवाखान्यात असतो. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, येणारेजाणारे कौतुकाने बघायचे. आता रंग उडालाय, शेजारी बॅटरीवाला नवा काटा बसलाय. पण मित्रांनो, फाटलेल्या ओठाचं बाळ आलं की शामला सिस्टर अजून मलाच पुढे ओढतात. पाच किलो भरल्याशिवाय ओठ शिवायचा नाही, हा इथला नियम.

केयूर पहिल्यांदा आला तेव्हा साडेतीन किलोंचा होता. तोंडातली टाळूही दुभंगलेली, पाजलेलं दूध नाकातून बाहेर. त्याची आजी पंचफुला साऱ्यांना ऐकवत होती, "गिऱ्हानात भाजी चिरली हिनं. भोगून राहिलं आता लेकरू." त्याची आई, म्हणजे तिची सून मिनल, मान खाली घालून उभी. असा संताप आला मला! ग्रहणाचा आणि ओठाचा काडीचा संबंध नाही. पण काट्याचं कोण ऐकतं?

सिस्टरांनी मिनलला शिकवलं. बाळाला उभं धरायचं, चमच्याने घोट घोट पाजायचं, मधे ढेकर काढायची.

दोन महिन्यांनी दोघी परत आल्या. दुपट्यासकट केयूरला माझ्यावर ठेवलं. काटा पाचाच्या पुढे!

"झालं वं माय!" पंचफुला हरखली.

"कपडे काढा. सगळे," सिस्टर म्हणाल्या.

मिनलने दुपटं घट्ट धरलं. सिस्टरांनी ते सोडवलं, तर चांदीचे दोन जाड तोडे खणकन माझ्यावर पडले.

"हे तं माहे तोडे हायेत वं!" पंचफुला ओरडली.

"आजी, तोड्यायलेच भूल देऊ का?" सिस्टर कडाडल्या. "कमी वजनात लेकराले भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ हाये!"

उरले पावणेपाच किलो.

मिनल रडू लागली. "आत्याबाई, आज नाही जमलं तं पुन्हा आणणार नाही म्हणल्या तुम्ही. मंग काय करू मी?"

"साडेतीनाचं पावणेपाच केलं हिनं, चमच्या-चमच्यानं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही काय केलं, आजी?"

तेवढ्यात केयूर भुकेने रडला. पंचफुलाने त्याला उचललं, छातीशी उभं धरलं. "चमचा आण वं. अन् दाखव मले, कसं पाजतं तू ते."

महिन्याभराने केयूर उघडाबोडका माझ्यावर आला. पाच किलो शंभर. ओठ शिवला. टाळू अजून बाकी आहे, नंतर बोलणं शिकायचं आहे.

मित्रांनो, काही वर्षांनी तो तुमच्याच वर्गात येईल. त्याच्या ओठावरच्या रेघेकडे टक लावून पाहू नका. नाकात बोलतो म्हणून नक्कल केलीत, तर लाज वाटू द्या. त्याला नाव विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा.