शिफारसपत्राला लावलेली तीट

जहीरचा अमेरिकेचा अर्ज भरून झाला तेव्हा चांद्याच्या निम्म्या बाजाराने पोरगं गेल्यातच जमा धरलं. कंदील आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कय्यूममिस्त्रीचा हा एकुलता एक मुलगा. जहीर नववीत असताना मिस्त्री गेला. आई कमरजहाँ लोकांचे कपडे शिवत राहिली, आणि जहीर नागपूरच्या कॉलेजातून गणितात पहिला येऊन १९५५ साली घुटकाळा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत परत आला. आता बोस्टनच्या बाजूचं एक जुनं, नामांकित विद्यापीठ त्याला राहण्याखाण्यासकट पुढचं शिकवणार होतं. म्हणजे तसं अजून काही ठरलं नव्हतं, पण बाजाराला असल्या बारीकसारीक गोष्टींशी काय घेणं! पानवाल्याने तर त्याला 'अमेरिका' म्हणून हाक मारायलाही सुरुवात केली होती.

अर्जासोबत तीन शिफारसपत्रं लागणार होती. दोन नागपूरच्या प्राध्यापकांनी दिली. तिसरं अर्जदाराला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाचं हवं होतं, आणि तो माणूस हेडमास्तर गुणवंतराव बोरकुटे यांच्याशिवाय दुसरा कोण असणार? त्यांनीच जहीरला सहावीत हेरलं होतं आणि पुढे पाच वर्षं दर रविवारी घरी बसवून गणित शिकवलं होतं.

फॉर्म त्यांच्या हातात देताना जहीर म्हणाला, "सर, हे भरून लिफाफा बंद करून थेट तिकडंच धाडायचं हाये. मले दाखवायचं नाई, असा त्यायचा नियम हाये."

"मंग इथी काऊन उभा राह्यला? जाय," गुणवंतराव म्हणाले. पण तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ते त्याच्याकडे पाहत राहिले.

माणूस कडक होता. मालगुजाराच्या मुलाची जन्मतारीख दोन वर्षांनी पुढे सरकवायला नकार दिला म्हणून त्यांना तीन वर्षं दूर जंगलातल्या अहेरीला बदलीवर काढावी लागली होती. स्तुतीच्या बाबतीत तर त्यांचा हात आखडलेलाच. शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्याच्या पेपरावर ते 'बरा' असा शेरा मारत. त्या दिवशी मात्र हाताला काय झालं कोण जाणे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी पाहिला नाही, हा मुलगा शिक्षकाला त्याच्या स्वतःच्या चुका दाखवतो आणि तरी त्याचा मान ठेवतो, असं लिहिता लिहिता पान भरलं. त्यांनी ते वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता. आणि नेमकं त्याचंच त्यांना भय वाटलं.

त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस देताना त्यांनी सगळ्या गावासमोर आपल्याच मुलाचं, विनूचं, तोंड भरून कौतुक केलं होतं. आठव्या दिवशी विनूला ताप भरला. मुदतीचा ताप होता, डॉक्टर होते, औषध होतं. महिना संपायच्या आत मुलगा गेला. ताप कशाने येतो हे गुणवंतरावांना पक्कं ठाऊक होतं. ते मुलांना शिकवतही होते. इसरू चपराशाने शाळेच्या दाराला टांगलेलं निंबू-मिरची त्यांनी एकदा सगळ्यांच्या देखत तोडून फेकलं होतं आणि नजर लागणे या खुळचटपणावर अर्धा तास भाषण दिलं होतं. दिवसा विज्ञान आणि मनात विनू, असा तो कारभार होता. सुगंधाबाईंनाही, म्हणजे त्यांच्या बायकोलाही, आपल्याच कौतुकाची नजर विनूला लागली असं वाटतं, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना उरला होता. अर्जदाराच्या प्रकृतीत किंवा स्वभावात समितीला कळायला हवं असं काही उणं आहे काय? शहाण्या माणसाने 'नाही' लिहून लिफाफ्याला डिंक लावला असता. गुणवंतराव मात्र आरमोरीकडच्या धानाच्या गावात वाढलेले. तिथे वांग्याच्या वाफ्यातसुद्धा चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं उभं करतात, आणि न्हाऊमाखू घातलेलं पोर गालावर काजळाची तीट लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. त्यांना वाटलं, या अमेरिकेवाल्यांनी तीट लावायला जागाच ठेवली आहे की.

मग त्यांनी बाजारात भाजी निवडावी तसा दोष निवडला. तापट लिहावं? नको, भांडखोर समजतील. आळशी? तो तर जहीरचा अपमानच झाला. प्रकृतीचं काहीतरी किरकोळ बरं. चांद्यात थंडीत कोणतं पोर खोकत नाही? त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: लहानपणापासून छाती थोडी नाजूक, हिवाळ्यात खोकल्याचा त्रास. आयुष्यात कागदावर लिहिलेलं हे त्यांचं पहिलं खोटं. लिफाफा ते पोस्टात स्वतः जाऊन रजिस्टर करून आले, आणि त्यांना फार हलकं वाटलं. जहीरला आपण राखलं, असं वाटलं.

उत्तर एप्रिलात आलं. जहीर ते घेऊन शाळेत आला, तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच गुणवंतराव काय ते समजले. पत्र मोठं सभ्य होतं. तुमच्या गुणवत्तेबद्दल समितीला शंका नाही. परंतु इथला हिवाळा अतिशय कडक असतो, आणि तुमच्या छातीच्या जुन्या विकाराबद्दल आम्हाला जे कळलं आहे ते पाहता, तुम्हाला घरापासून इतक्या लांब बोलावण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही.

"सर, छातीचा विकार?" जहीर म्हणाला. "मले तं कधी काही झालं नाई. यायले कोनं सांगितलं?"

ती वेळ होती. त्या क्षणी खरं बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्या माणसाने मालगुजाराला तोंडावर नकार दिला, त्याने एका पोरासमोर मान खाली घातली. "पाहू," एवढंच म्हणून त्यांनी हजेरीपट पुढे ओढला. भित्रेपणा म्हणतात तो हाच, दुसरा काही नाही.

मग बाजाराने कामाला सुरुवात केली. अर्जाला फोटो लावला होता, त्या फोटोवरून अमेरिकेच्या डॉक्टरांनी ओळखलं म्हणे. त्यांच्याकडे तशी यंत्रं असतात. जहीर सिव्हिल सर्जनकडे जाऊन आला. छाती लोहाराच्या भात्यासारखी आहे, असं त्यांनी सांगितलं. पण सिव्हिल सर्जन पडला चांद्याचा, बोस्टनच्या पत्रापुढे त्याला कोण विचारतो? कमरजहाँने दही बंद केलं, इरई नदीवर पोहायला जाणं बंद केलं. नागपूरच्या कॉलेजात शिकवायची नोकरी चालून आली होती, तीही, तिकडची हवा पोराला नको म्हणून, तिने नाकारायला लावली. जहीर आधी हसायचा. मग रात्रंदिवस स्वतःचाच श्वास ऐकायला लागला. मे महिन्यात, चांद्याची माती तव्यासारखी तापलेली असताना, त्याला खोकला सुरू झाला.

सुगंधाबाई कमरजहाँकडे झंपर शिवायला टाकून आल्या आणि म्हणाल्या, "पोरगं वाळून राह्यलं जी. अमेरिकेच्या दुसऱ्या कोन्या कॉलेजाचा कागद आला, पंधरा दिवसांत धाडाचा हाये, तं त्यानं उघडूनही नाई पाह्यला. तुमी काऊन समजावत नाई त्याले?"

गुणवंतराव चप्पल अडकवून निघाले ते सरळ घुटकाळ्यात पोचले. जहीर भिंतीला टेकून बसला होता. गळ्याभोवती मफलर होता. त्या उकाड्यात! कमरजहाँने मशीन थांबवून त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"जहीर, तुह्या छातीले काहीच झालं नाई. ते म्या लिहिलं होतं."

जहीर कसंनुसं हसला. "सर, काऊन सोताच्या अंगावर घेता?"

"घेत नाई रे, मीच लिहिलं! शेवटच्या रकान्यात. तुही एवढी तारीफ लिहिली का मलेच भेव वाटलं. विनूचं तसंच झालं होतं. तुले नजर लागू नये म्हनून खोटा दोष लिहिला बाबू. साफ खोटा."

"नजर?" जहीर त्यांच्याकडे पाहतच राहिला. "तुमी मानता नजर? सर, तुमच्यापाशीच शिकलो ना मी."

"मानत नाई. पन त्या दिवशी मानली." हे बोलताना त्यांना रडू कोसळलं. "माफ कर मले. मी आजच्या आज त्यायले पत्र लिहितो. तू तो दुसरा फॉर्म भर, मी खरं खरं लिहितो."

जहीरचा चेहरा हळूहळू निवला, एखादं अडलेलं गणित सुटल्यावर निवायचा तसाच. "आता समजलं," तो म्हणाला. "अब्बा गेले त्या हिवाळ्यात मी कवायतीत खोकत होतो, तं तुमी मले रांगेतून काढून बसवलं होतं. तवाच दिसलं असन तुमाले."

"अरे, साधा खोकला होता तो! सर्दी होती!" गुणवंतराव ओरडलेच. "विनूची आन घेऊन सांगतो, खोटं लिहिलं मी!"

"मास्तरसाब, बसा तुमी," कमरजहाँ म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "कायले तकलीफ घेता? तुमी लिहिलं म्हंजे झालं. मले आजवर वाटे का तिकडच्या लोकायची काही गलती असन. तुमच्या हातानं खोटं उतरत नाई, हे सारा चांदा जानते." तिने जहीरचा मफलर सारखा केला. "पन तुमाले मालूम होतं, तं आमाले काऊन नाई सांगितलं? त्याच वक्ती इलाज केला असता."

गुणवंतरावांच्या खऱ्याला इथे सांत्वन समजत होते आणि त्यांच्या खोट्यावर आई-लेकाचा पूर्ण विश्वास बसला होता. जन्मभर कमावलेला सचोटीचा लौकिक त्या पोराच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता, आणि तो हलवण्याइतकी ताकद त्यांच्या कुठल्याही शब्दात उरली नव्हती.

"अम्मी, सरले बोलू नको," जहीर खोकत म्हणाला. "तवा सांगितलं असतं तं तू मले नागपूरले जाऊच देलं नसतं. चार वर्सं बेफिकीर शिकलो मी. त्यायनं उपकारच केले माह्यावर."

गुणवंतराव बाहेर पडले. त्यांना पोचवायला जहीर उठला होता, पण ऊन फार आहे म्हणून आईने त्याला दारातच थांबवलं.