तीनशे सात नंबरची रिकामी डबी

मी थुंकीची डबी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा खुशाल, मला सवय आहे. माझं नाव ऐकून कुणी कौतुकानं हातात घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

एका कारखान्यात गरम साच्यातून मी बाहेर पडले. अंग पारदर्शक, झाकण फिरकीचं आणि घट्ट. त्याच दिवशी माझ्या हजारो बहिणी जन्मल्या. आमचं आयुष्य ठरलेलं असतं. कुणाच्या तरी छातीतला बेडका पोटात घ्यायचा, तपासणीच्या टेबलावर जायचं आणि मग भट्टीत जळून जायचं. काम सुरू झालं की दोन-चार दिवसांचा खेळ. मी मात्र सव्वा वर्ष जगले, आणि त्याचीच मला लाज वाटते.

त्या वर्षी एका मोठ्या शहरात क्षयाची मोजणी निघाली होती. जे औषध घेतात ते दवाखान्याच्या वहीत सापडतात. पण जे दवाखान्याची पायरीच चढले नाहीत, दुखणं अंगावर काढत बसले, ते किती? त्यांना कुठल्या वहीत शोधणार? म्हणून काही गल्ल्या निवडल्या आणि तिथल्या एकूण एक दारात जायचं ठरलं. मोजणीचे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "सगळं शहर आपण पिंजून काढू शकत नाही. इथं एक सापडला, तर शहरात तसे चारशे आहेत असं धरायचं. आणि एक सुटला, तर चारशे सुटले. डोळ्यांत तेल घालून काम करा." खोक्यात बसून मी हे ऐकलं आणि फुगलेच. एवढीशी डबी, पण चारशे माणसांची!

मोजणीच्या ताईनं माझ्यावर चिठ्ठी चिकटवली. तीनशे सात. ताईच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, म्हणून ती पाय जरा घासत चालायची. तशीच ती तीन जिने चढली आणि एका खोलीच्या दाराशी थांबली.

खोली एकच. मधे पडदा. खिडकी घट्ट बंद, कारण वारा आला की दोरे उडतात. सासू आणि सून, दोघीच राहायच्या. सून सदऱ्यांना काजं करायची, सासू बटणं लावायची. दुकानदाराकडून सकाळी गाठोडं यायचं, संध्याकाळी जायचं.

"घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का?" ताईनं कागदावरचा प्रश्न वाचला.

"छे, छे! आमच्यात खोकला नाही हो कुणाला."

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. खोल, ओला.

"मग हे कोण खोकतंय?"

"ती होय? सून माझी. तिला खोकला नाही, ठसका आहे. दोऱ्याचं तूस जातं ना घशात."

तुम्हाला वाटेल म्हातारी खोटं बोलली. नाही हो! त्या गल्लीत सगळे असंच बोलायचे. खोकला म्हणजे आजार, ज्याचा बभ्रा झाला की दुकानदार गाठोडं बंद करतो तो. आणि ठसका म्हणजे सुई टोचण्यासारखं, कामाबरोबर येणारं. कागदावर खोकल्याला चौकट होती, ठसक्याला नव्हती. ताईनं "नाही"वर खूण केली. पण तिचं मन मानेना. तिनं मला पडद्याआड सुनेच्या हातात दिलं. "उद्या उठल्या उठल्या नुसत्या पाण्यानं चूळ भर. मग खोल खोकून छातीतलं काढ. मी येते न्यायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं खरंच माझं झाकण काढलं. मला ओठांपर्यंत नेलं. तिचा श्वास माझ्या काठाला लागला. त्या क्षणासाठीच तर मी जन्मले होते!

"अगं, आज गाठोडं द्यायचंय," सासू म्हणाली. "कशाला ते लचांड मागे लावून घेतेस? जाईल आपोआप."

सुनेनं गाठोड्याकडे पाहिलं. मग हसली. "डबी मात्र छान आहे हं. बटणं ठेवायला होईल."

आणि माझ्या तोंडात पांढरी बटणं पडली. ताई आली तेव्हा सासूनं दारातूनच सांगितलं, "थुंकी निघालीच नाही. डबी कुठं गेली कोण जाणे." ताईनं लिहिलं, "थुंकी नाही." मी हाताच्या अंतरावर होते. पण बटणांनी तोंड भरलेली, ओरडणार कशी?

मग वर्षभर मी बघत राहिले. ढिला पडलेला ब्लाउज आत घ्यायला सुनेनं आधी एक टीप मारली, मग दोन. कातरकामातल्या चिंध्यांनी तोंड पुसायची आणि चिंधी मुठीत लपवायची. एक दिवस चिंधी लाल झाली. त्या दिवशीही तिनं बावीस सदरे पुरे केले. सासू रात्रंदिवस तिचं करायची, आपल्या ताटातलं तिच्या ताटात वाढायची. प्रेमाला कमी नव्हतं हो त्या घरात. शेवटी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. सून परत आली नाही. बटणं लावायची राहिलेले तिचे सहा सदरे सासूनं तसेच घडी करून ठेवले.

महिन्याभरानं ताई पुन्हा आली. आली काय, धापा टाकतच आली. मोजणीचा आकडा अगदी लहान निघाला होता. साहेब खूश होते. फक्त हिच्या मनात सल होता. हिनं वाटलेल्या डब्यांपैकी बावन्न परत आल्या नव्हत्या, आणि साहेबांनी ती सगळी माणसं निरोगी धरली होती. म्हणून ती एकेक दार पुन्हा वाजवत निघाली होती. या वेळी प्रश्न तिनं स्वतःचा विचारला.

"आजी, घरात ठसका कुणाला आहे?"

सासू खाली बसली. मग पदर तोंडाला लावून खोकली. खोल, ओला आवाज.

"आता मला आहे," ती म्हणाली. "जिला होता ती गेली. तुम्ही तेव्हा ठसका विचारला असता, तर मी हो म्हटलं असतं गं! पहिल्या झटक्यात म्हटलं असतं!"

ताई तिच्याशेजारी बसून रडली. मग डोळे पुसून तिनं सासूला नवी डबी दिली, आणि ती भरून घेतल्याशिवाय उठली नाही. आज सासूच्या गोळ्या चालू आहेत. खोलीची खिडकी उघडी असते.

त्या दिवशी ताई निघताना सासूनं माझ्यातली बटणं ओंजळीत काढून घेतली. "सुनेच्या नावाची डबी आहे ही. घेऊन जा."

आता मी साहेबांच्या टेबलावर आहे. परवा ताईनं मला त्यांच्यापुढं ठेवलं, तेव्हा त्यांनी मला उजेडात धरून पाहिलं.

"ही तर रिकामी आहे. यात मोजू काय?"

"एक बाई मोजा, साहेब," ताई म्हणाली.

साहेबांनी तीनशे सातचा कागद काढला आणि "नाही"वर काट मारली. बाकीच्या एक्कावन्न दारांत माणसं पाठवली आहेत. नव्या कागदावर एक चौकट वाढली आहे.

भट्टीचं मरण काही माझ्या नशिबात दिसत नाही. पण तुम्हाला सांगते, माझ्या सुनेसारखी कुणी आत्ता, या घडीला, पडद्याआड मुठीत चिंधी लपवत असेल. तिच्या दारात जा. आणि बाबांनो, तिला खोकला विचारू नका. ठसका विचारा.