जादाचा स्नायू

"कप डाव्या हातानं दे. उजवा मांडीवर, उताणा. पालथा केलास तर बघ!"

आईची ही तालीम रविवारी सकाळी चालायची. थोरली शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, त्यामुळे स्थळं सुट्टीच्या दिवशीच यायची. तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर, तर्जनीच्या मागे, बोराएवढा उंचवटा होता. हात कामाला लागला की तो टणक व्हायचा, निवांत असला की मऊ.

"आई, भीक मागितल्यासारखं वाटतं असा हात धरून."

"तोंड मिटून बस. ते तरी सरळ आहे."

पहिलं स्थळ: "कळवतो."

दुसरं: "पोराबाळांत उतरणार नाही ना?"

तिसरं: बिस्किटं संपवून उठलं.

चौथ्याला मुलगी पसंत पडली. मुलाच्या आईनं तिचा हात हातात घेऊन उलटसुलट केला. "एवढं काढून टाका, की तारीख धरू."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. "ही गाठ नाही. जादाचा स्नायू आहे, थोड्या लोकांत असतो. आणि तर्जनी उचलणारा नेहमीचा स्नायू हिच्या हातात दिसत नाही. ते काम हाच करतो. कापायचा नाही."

"पण दिसतो ना तो!"

"दिसू दे की."

दिसू दे की! हिला मुली नसणार, आईनं मनात म्हटलं.

बाहेर थोरली हसत होती. "ऐकलंस? बिनपगारी कामगार आहे माझा."

आई हसली नाही. आत्यानं दुसरा डॉक्टर शोधला. त्यानं काही विचारलंच नाही, कापायला तयार झाला. थोरली नको म्हणाली. आई दोन दिवस जेवली नाही. मग धाकटीचं कसं होणार, हे निघालं. वडिलांनी पेपरातून मान वर काढली नाही. तिसऱ्या दिवशी थोरलीनं चपला घातल्या. "चल. काप."

कापलं.

पट्टी. सूज. टाके. सहा आठवडे.

हाताची पाठ गुळगुळीत झाली. तर्जनी मात्र एकटी उठेना. कॉलरचं टोक वळवताना बोट सुईपुढून चटकन उचलावं लागतं. ते उचललं गेलं नाही. सुई नखातून आरपार गेली. दुसऱ्या दिवशी थोरलीला मशीनवरून उठवून धागे कापायच्या टेबलावर बसवलं.

मुलाची आई भेटायला आली. बोट पाहून म्हणाली, "गाठ एक वेळ चालवून घेतली असती हो. पण लुळं बोट..."

ती गेल्यावर आत्या म्हणाली, "रडू नका वहिनी. पुढच्यांना सांगू, मशीनमध्ये सापडलं. उलट कष्टाळू म्हणतील पोरीला."

थोरली खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. बोट मध्ये येत होतं. महिनाभर तिनं आईकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

"नाही वन्सं," आई म्हणाली. "खरं तेच सांगायचं. हात चांगला होता. आईनं कापवून घेतला."

"अहो, लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"म्हणू देत. धाकटीच्या वेळी कुणी तिचा हात उलटून पाहिला, तर त्यांना दारापर्यंत मीच सोडून येईन."

दोरा पुन्हा निसटला. आई लगबगीनं मदतीला गेली.

"राहू दे," थोरली म्हणाली. "तू हात लावू नकोस."